मोरेबाईंची तक्रारवही

मी आत बसलेला असताना "साहेब बाहेर गेलेत" असं मोरेबाईंनी एकाही पक्षकाराला कधी सांगितलं नाही. "साहेब हायत, पण आता भेटणार नायत," असं सरळ सांगून त्या समोरच्याला बसायला खुर्ची द्यायच्या. कर्जतच्या माझ्या वकिली कचेरीत त्या वीसेक वर्षं कारकून होत्या. त्यांच्या या सवयीवरून मी त्यांच्यावर अनेकदा चिडलो. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्यांच्याजवळ एक दोनशेपानी वही असायची. कुणी पक्षकार रागावून बोलला की त्या तारीख घालून त्यात लिहायच्या, त्यावर काय केलं तेही लिहायच्या आणि एक चिठ्ठी त्याच्या फायलीला टाचायच्या. मी हसलो तर म्हणायच्या, "माणूस उगाच चिडत नाय, साहेब. लिहून ठेवलं नाय तर त्याचं चिडणं फुकट जातं."

कशेळ्याच्या वरच्या वाडीतली ठमीआजी माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्यासाठी खालापूरच्या कोर्टात तीन वेळा येऊन हात हलवत परत गेली. तारीख पुढे गेल्याचं तिला कळवायला मी तिन्ही वेळा विसरलो होतो. तिसऱ्यांदा ती तशीच कचेरीत आली आणि मला नको नको ते बोलली. मी फोनवर असल्याचं दाखवलं. बाईंनी तिला चहा दिला, वाडीखालच्या दुकानदाराचा नंबर घेतला. तेव्हापासून दर तारखेच्या आधी तिला निरोप जाऊ लागला.

पुढे खालापुरातल्या एका कारखान्याचं काम मिळण्याची शक्यता दिसली. अट एकच होती: कचेरीचा कारभार नीट चालतो, असं दर्जाचं प्रमाणपत्र हवं. एक तपासनीस बाई येऊन फायली, तारखांची नोंद, तक्रारींचं रजिस्टर, सगळं बघणार होत्या. मी नवी कपाटं आणली, नियमांची जाडजूड पुस्तिका छापून घेतली. आणि बाईंची वही बाजूला ठेवून एका दुपारी बसून तक्रारींचं कोरंकरकरीत रजिस्टर स्वतःच्या हाताने भरलं. चार सौम्य तक्रारी, चारही दोन दिवसांत मिटलेल्या. बाईंपुढे सहीसाठी ठेवलं.

त्यांनी चारही नावं वाचली. "ही माणसं कोण, साहेब?"

"नमुन्यादाखल आहेत हो."

"मग नमुन्यादाखल सही तुमीच करा."

मी त्यांना म्हटलं, तपासणीच्या दिवशी तुम्ही रजा घ्या.

तपासनीस बाई शांत होत्या. त्यांनी हाताला येतील त्या पाच फायली काढल्या. त्यातली एक ठमीआजीची. "आजी तीन वेळा फुकट आली. साहेबांनी कळवलं नाही," ही चिठ्ठी त्यांनी वाचली. मग रजिस्टर चाळलं.

"ही तक्रार यात नाही. ही चिठ्ठी कुणी लिहिलीय?"

"आमच्या जुन्या कारकून आहेत," मी म्हणालो. "वय झालंय आता. गोंधळ होतो त्यांचा. काहीही लिहितात."

एवढं बोलून मी वर पाहिलं तर दारात मोरेबाई उभ्या. जुन्या फायलींच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे राहिली होती, ती द्यायला भिसेगावहून चालत आल्या होत्या. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"चिठ्ठी तुम्ही लिहिलीत?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि हे रजिस्टर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबल्या. मी पुस्तिकेची पानं उलटत राहिलो. "ते साहेबांना विचारा," म्हणून त्या निघून गेल्या.

प्रमाणपत्र मिळालं नाही. कचेरीत भरवसा ठेवण्याजोगी नोंद फक्त एका कारकुनाच्या चिठ्ठ्यांत सापडली, असं अहवालात होतं. बाईंनी त्या महिन्याअखेर काम सोडलं.

कचेरी विस्कटायला लागली तेव्हा मी भिसेगावला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, मुलांची चौकशी केली. मी म्हटलं, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. परत या."

"माझं काय नाय, साहेब," त्या म्हणाल्या. "पण आजी खरंच तीन वेळा आली होती. तुमी तिला खोटं पाडलंत."

मी मान खाली घालून चहा संपवला आणि उठलो. बाई वारल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी त्यांना परत बोलवायला गेलो होतो. माफी मागायला गेलो नव्हतो, हे त्यांच्या लक्षात आलंच असणार.