हे कुणाच्या हद्दीत येतं? साडूंबरोबर एक दिवस वसईत

साडूला आपलं गाव दाखवायला निघू नये. तो तिथं घर घेण्याच्या विचारात असेल तर अजिबात निघू नये. मी निघालो, त्याची ही हकीकत. वसईला फिरायला येणाऱ्यांना यातून रस्ते, जेवण वगैरे माहिती मिळेलच, बाकीचा मनस्ताप माझ्यापाशी राहू द्या.

माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, शुभाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, साताऱ्याकडे तलाठी होते. शेवटी सर्कल ऑफिसर होऊन निवृत्त झाले. नोकरीत सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. मुलगा बंगळूरला. आता म्हातारपणी कुठं राहायचं, हा प्रश्न होता. साताऱ्यात एक फ्लॅट बघून ठेवलेला होता. शुभाचं म्हणणं, इकडेच या. आई गेल्यापासून तिला माहेर म्हणून ताई तेवढ्या उरल्यात. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या नीट दाखवा. खड्डे चुकवून."

वार शुक्रवार निवडला, कारण वालीवच्या ज्या गाळ्यात मी सुपरवायझर आहे (चहाच्या गाळण्या बनवतो आम्ही), त्याला वीजकपातीमुळे शुक्रवारची सुट्टी असते. फिरायलाही हा वार बरा, रविवारी किल्ल्यावर मुंबईकरांची जत्रा असते. आमच्या जुन्या मारुतीत पुढे आम्ही दोघं, मागे दोघी बहिणी. गाडी गेटबाहेर पडते न पडते तोच भाऊसाहेबांनी उकिरड्याकडे बोट दाखवलं.

"हे कुणाच्या हद्दीत येतं?"

"नगरपरिषदेच्या."

"आणि रस्त्यापलीकडं?"

"ती ग्रामपंचायत."

"मग कचरा बरोबर मधोमध आहे," ते म्हणाले. मला वाटलं, विषय संपला. तो दिवसभर संपला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालुक्यात चार नगरपरिषदा आहेत आणि त्यांच्या अधेमधे ग्रामपंचायती. सगळ्यांची मिळून महापालिका होणार, होणार, असं आम्ही कधीपासून ऐकतोय. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. जिल्ह्याचं ठिकाण ठाणे, म्हणजे खाडीपलीकडे. एका कामासाठी ठाण्याला जायचं तर हायवेने घोडबंदरवरून वळसा घाला आणि साहेब जागेवर नसतील तर तोच वळसा उलटा घाला. तिन्ही बाजूंना पाणी असूनही प्यायच्या पाण्याला आम्हाला टँकर लागतो. हे सगळं मी भाऊसाहेबांना सांगणार नव्हतो. त्यांनी विचारून विचारून काढून घेतलं.

पारनाक्यावरून किल्ल्यात गेलो. स्टेशनवरून येणाऱ्यांना एसटी मिळते, शेअर रिक्षाही मिळते. टोपी आणि पाणी घेऊन या, आत सावली भरपूर पण दुकान नाही. तट, चर्चच्या उंच भिंती, त्यांच्यावर चढलेली वडाची मुळं, हे सगळं बघून कुणीही दोन मिनिटं थांबतो. भाऊसाहेबही थांबले.

"पुरातत्त्व खात्याकडं असणार," ते म्हणाले. "पण ही आतली जमीन? आणि तो रस्ता?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, जरा बघा तरी."

"बघतोच आहे की."

किल्ल्यापुढे जेटी आहे. तिथून पलीकडचं भाईंदर डोळ्यांना दिसतं आणि गाडीने जायला अर्धा दिवस मोडतो. काठावर एक कोळीण मावशी बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. भाऊसाहेब सरळ त्यांच्याकडेच गेले.

"ही जागा कुणाची, बाई?"

"आमची."

"तसं नव्हे. कागदावर कुणाची?"

"कागदावर कोनी बोंबील सुकवतं का?" असं म्हणून मावशींनी पुढचा बोंबील टांगला. मागे शुभा खुदकन हसली. मी हसलो नाही, मला या माणसाला फ्लॅट घ्यायला लावायचं होतं.

जेवण वसई गावात केलं. बोंबील फ्राय, भात, सोलकढी, पोटभर आणि स्वस्त. भाऊसाहेब निवृत्तीनंतर शाकाहारी झालेत, हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं. ते डाळभात खाऊन उठले. तिथून किनाऱ्याच्या अंगाने निर्मळकडे निघालो. हा रस्ता मात्र मी छातीठोकपणे दाखवतो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या, मधूनच एखादा पांढराशुभ्र क्रूस आणि विहिरीवरच्या पंपाचा आवाज. पहाटे इथली फुलं आणि भाजी दादरला जाते. ताईंनी काच खाली केली. भाऊसाहेब म्हणाले, "हे ग्रीन झोन असणार. इथं बिल्डिंगी कशा उठल्या?" मी गाडीचा वेग वाढवला.

तो वाढवायला नको होता. सोपाऱ्याच्या अलीकडे एका जागी डांबर एकदम संपलं, गटारावरच्या लाद्याही संपल्या आणि माझं डावं चाक गटारात गेलं. मी खाली उतरून डोक्याला हात लावला. भाऊसाहेब उतरले, चाकाकडे बघितलंही नाही. डांबराची कड पायाने चाचपत खुशीत म्हणाले, "इथं हद्द आहे."

मी नगरपरिषदेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, गटार ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायतीतला म्हणाला, रस्ता नगरपरिषदेचा. चाक कुणाचं ते दोघांनीही विचारलं नाही. तेवढ्यात बाजूच्या वाडीतून लाल लुगड्यातल्या एक ख्रिस्ती आजी बाहेर आल्या, मागे वळून पुतण्यांना हाक मारली आणि ताई-शुभाला ओट्यावर बसवलं. पुतण्यांनी केळीचे खुंट आणि फळी आणून चाकाखाली सारली. आम्ही ढकलत होतो, तिकडे चहा होत होता.

"एकट्याच राहता?" ताईंनी विचारल्याचं मला ऐकू आलं.

"एकटी कशी? बहीण कुंपणापलीकडे दिलीय. हाक मारली का येते." आजींनी तशीच हाक मारून दाखवली. कुंपणापलीकडून तशाच लाल लुगड्यातल्या दुसऱ्या आजी साखरेची वाटी घेऊनच आल्या, कारण साखर संपल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं.

भाऊसाहेब हात पुसत विचारायला गेले. निघालं ते असं, की थोरल्या आजींचं घर ग्रामपंचायतीत, धाकटीचं नगरपरिषदेत. हद्द कुंपणातून जाते. "म्हणजे घरपट्टीचे दर वेगळे, दाखले वेगळे," भाऊसाहेब मला सांगत राहिले. ताई कुंपणाकडे बघत होत्या.

अर्नाळा राहिलाच. तुम्ही चुकवू नका, होडीने पलीकडच्या किल्ल्यावरही जाता येतं. आम्ही चिखलाच्या पायांनी घरी आलो, तर वीज नव्हती.

मेणबत्तीच्या उजेडात जेवताना भाऊसाहेबांनी निकाल दिला. "जमणार नाही. इथं काही बिघडलं तर जायचं कुणाकडं? साताऱ्याचा फ्लॅट पक्का करू."

शुभा भाकरी वाढता वाढता थांबली. मला राग आला, आणि तो त्यांच्यावर काढताही येईना, कारण माणूस एक अक्षर खोटं बोलत नव्हता.

"मला कुणी विचारलं नाही," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. "तुमच्या बदल्या झाल्या, मी प्रत्येक गावाला आले. गाव कुठल्या सर्कलात, चावडी कुठं, सगळं तुम्ही बघितलंत. त्यातल्या एका तरी गावातनं शुभीला हाक मारता आली असती का?"

भाऊसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते मला म्हणाले, "तुमच्या मागच्या बिल्डिंगीत जागा आहे का बघा. आधी भाड्यानं."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. भाडं जाऊन फ्लॅट त्यांच्या नावावर झाला. दोन बिल्डिंगींच्या मधलं गटार कुणाचं, यावर भाऊसाहेबांचे अर्ज चालू आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ते मलाही बरोबर नेतात. माझा शुक्रवार गेला तो गेलाच.

रोज सकाळी पाण्याची वेळ झाली की मागच्या बिल्डिंगीतल्या स्वयंपाकघरातून ताईंची हाक येते, "शुभे, पाणी आलं का गं?" आमच्याकडे आलेलं नसतं. त्यांच्याकडेही नसतं. शुभाला ते नळाकडे न बघताही माहीत असतं, तरी हातातलं काम टाकून ती खिडकीशी जाते.