उत्तरं घेऊन अचलपूरला गेलेल्या इंगळे मॅडम

इंगळे मॅडमची आणि माझी पहिली भेट अकोल्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली. नोकरीच्या मुलाखतीसाठी मी अमरावतीहून गेलो होतो, डोक्यात भलतीच हवा घेऊन. मॅडमनी आधी विचारलं, "जेवला काय?" आणि मग, "तुहा प्रोग्राम चुकला, त तुले मालूम कसं पडते?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आलं. दुसऱ्याचं यायला काही वर्षं लागली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने ते सांगून टाकतो.

वऱ्हाडातल्या संत्रा बागायतदारांसाठी मॅडम एक ईमेल-यादी चालवतात. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना पोचतं. काही जुने सभासद मात्र तीच पत्रं न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक फलकावर वाचत. यादीतलं फलकावर आणि फलकावरचं यादीत नेणारा प्रोग्राम माझा. मला त्याचा कोण अभिमान!

अचलपूरचे एक निवृत्त गुरुजी फलकावरच वाचणारे. त्यांच्या संत्र्याच्या बुंध्यांतून डिंक गळू लागला, म्हणून त्यांनी उपाय विचारला. आठवड्याने त्यांचं दुसरं पत्र आलं: "आमच्या झाडाईले काय झालं, हे कोणाले सांगावंसं वाटलं नाही. आता आमी यादीतून निघतो." उत्तरं तर अकरा जणांनी दिली होती! मी हात झटकले. म्हटलं, गुरुजींनाच शोधता येत नसतील.

मॅडम माझ्याशी वाद घालत बसल्या नाहीत. अकराही उत्तरं मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि एसटीने अचलपूर गाठलं. गुरुजींनी एकेक कागद वाचला. मग म्हणाले, "मले वाटलं, म्हातारपणी लोकाईनं सोडलं आपल्याले." मॅडमनी त्यांचा संगणक उघडून पाहिला. गुरुजींच्या पत्राखाली खरोखरच काही नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. प्रत्येक पत्राला निघतानाच स्वतःचा एक क्रमांक मिळतो. उत्तरात त्या क्रमांकाचा हवाला असतो, म्हणून ते मूळ पत्राखाली लागतं. माझा शहाणा प्रोग्राम पत्र यादीत नेताना त्याला नवाच क्रमांक द्यायचा. उत्तरं त्या नव्या क्रमांकाचा हवाला घेऊन फलकावर यायची आणि तिथे त्या क्रमांकाचं पत्रच नसायचं. विषयावरून तरी जोडी जुळली असती, पण आपली माणसं! गुरुजींना लिहायचं म्हणून प्रत्येकाने विषयाच्या रकान्यातला 'डिंक्या रोग' खोडून तिथे 'गुरुजींना सादर नमस्कार' घातलेलं. अकरा उत्तरं फलकभर विखुरली आणि गुरुजी मात्र आपल्या पत्राखालीच बघत राहिले.

मी लगेच नियम सुचवला, विषयात नमस्कार बंद. मॅडम कडाडल्या, "लोकाईचा नमस्कार कावून बंद करून राहिला? तू नंबर बदलू नको, बाकी सारं बराबर होते."

तसंच झालं. पुढच्या रविवारी त्या मला घेऊन पुन्हा अचलपूरला गेल्या. चूक माझी होती, पण गुरुजींपुढे आधी हात मॅडमनी जोडले. मला फार लाज वाटली. गुरुजींची चार झाडं गेली, बाकीची वाचली. गुरुजी यादीत राहिले.

मॅडम, गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या आणि भरपूर जगा. प्रोग्राम चुकला तर मला आता कळतं, दुरुस्तही करता येतो. पण रुसलेल्या माणसाच्या दारात उभं राहून 'चुकलं आमचं' म्हणायला मला अजून तुम्ही सोबत लागता.