माझा आवाज दोन ठिकाणी ठेवला होता

लग्नाच्या आदल्या आठवड्यात दादानं माझी गाणी टेप केली. तो तेव्हा कोराडीच्या वीजकेंद्रात नुकताच लागला होता आणि पहिल्या काही पगारांतून त्यानं टेपरेकॉर्डर घेतला होता. गोळीबार चौकातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत ती नवलाईच. बाबांनी त्या दुपारी माग बंद ठेवला, शेजारच्या काकांनाही धोटा थांबवायला सांगितलं. मी भुलाबाईची दोन गाणी म्हटली आणि शाळेत गाण्याच्या बाईंनी शिकवलेली चार. माझा आवाज चांगला होता. हे मी स्वतःच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही.

मग दादानं मित्राकडचा टेपरेकॉर्डर मागून आणला, दोन्ही यंत्रं समोरासमोर ठेवली आणि एका कॅसेटमधलं दुसरीत उतरवलं. तोवर घरात कोणी खोकायचं नाही असा हुकूम होता. आईच्या हातून नेमकी वाटी पडली, तीही दुसऱ्या कॅसेटमध्ये गेली. शेवटी त्यानं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन्ही कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे इवले तुकडे मोडून टाकले. ते मोडले की तिथं खाच पडते आणि कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, हे त्यानंच मला समजावलं.

“एक तुह्यापाशी, एक माह्यापाशी,” तो म्हणाला. “एक बिघडली तं दुसरी आहेच ना वं.”

सासर उमरेडचं. पहिल्याच सणाला पुरण वाटता वाटता मी गुणगुणले, तर सासरे ओसरीवरून म्हणाले, “सूनबाई, हे काही तमाशाचं घर नाही.” ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. तिथंच सगळं संपलं. कॅसेट ट्रंकेत साड्यांच्या घडीत गेली. ती वाजवायला त्या घरात यंत्रच नव्हतं. पण वस्तू ठेवली म्हणजे ती आहे, असं माणसाला वाटत राहतं. मलाही वाटत राहिलं.

मुलगी आठ वर्षांची झाली, तेव्हा गॅदरिंगसाठी मुली निवडताना तिच्या बाईंनी विचारलं, तुझ्या घरी कोण गातं? ती म्हणाली, कोणीच नाही. घरी येऊन तिनं हे मला हसत हसत सांगितलं. परक्यांनी असं म्हटलं असतं तर सोसलं असतं. पोटच्या पोरीला माहीत नसावं, हे सोसवेना. तिला माझं गाणं ऐकवायचंच, असं मी ठरवलं.

त्याच पावसाळ्यात दिरांनी टेपरेकॉर्डर आणला होता. एका दुपारी मी ट्रंक उघडली. तिथल्या टिनाच्या छपराखाली इतके उन्हाळे काढलेली ती कॅसेट; लावली तर नुसती घरघर झाली आणि यंत्रानं फीत गिळली. दिरांनी ओढून ओढून काढली, तिचा गुंताच झाला. सासऱ्यांनी तो उचलला आणि वावरातल्या ज्वारीत काठ्यांना बांधला. फीत वाऱ्यानं फरफरते, उन्हात चकाकते, पाखरं बसत नाहीत.

“चला, कामी तरी आली,” ते म्हणाले.

ज्यांनी मला घरात तोंड उघडू दिलं नाही, त्यांनी माझा आवाज चिमण्या हाकलायला लावला! मी दात-ओठ खाल्ले, पण रडले नाही. दुसरी होती ना.

भाऊबीजेला मुलीला घेऊन कोराडीला गेले. आईबाबा तोवर राहिले नव्हते. दादाचा संसार वीजकेंद्राच्या कॉलनीत होता. ओवाळून झाल्यावर मी कॅसेट मागितली. त्यानं लगेच काढून दिली. वर माझ्याच अक्षरात माझं नाव होतं. मुलीला जवळ बसवलं, बटण दाबलं. आतून “हॅलो, हॅलो” असा दादाचा आवाज आला, मग बायकांचा हशा, मग पाळण्याचं गाणं. त्याच्या मुलाचं बारसं! कॅसेट काढून पाहिली, तर खाचांमध्ये कागदाचे बोळे दाबून बसवलेले होते.

“त्या दिवशी कोरी सापडली नाही वं कोठी,” दादा म्हणाला. “अन् तुह्यापाशी तं होतीच ना दुसरी.”

म्हणजे मी त्याच्या भरवशावर आणि तो माझ्या. पण खाचा त्यानंच पाडल्या होत्या आणि त्यानंच बुजवल्या. कुंपणानंच शेत खाल्लं, तक्रार कोणाकडे करायची? तरी मी कॅसेटच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या, कुठे आपली एखादी ओळ उरली असेल म्हणून. नव्हती. मला रडू आवरेना. भावाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

“काहून रडून राहिली वं?” तो म्हणाला. “तू तं आहेस ना इथं! नवी कॅसेट आहे माह्यापाशी. गा, आत्ता भरून घेतो.”

सगळ्यांना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. वहिनीनं कुकर उतरवला, दादानं पंखा बंद केला, मुलगी गुडघ्याला गुडघा लावून बसली. मी सुरुवात केली. पहिल्या ओळीतच श्वास पुरेना. वर जायच्या जागी आवाज फाटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच फाटला. दुसऱ्या कडव्याचे शब्द आठवेनात. वहिनी पदराशी चाळा करत बसली. दादानं बटण दाबलं आणि भरलेलं तेवढं परत वाजवलं. ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

“छान होतं, आई,” मुलगी खाली बघून म्हणाली.

दुसऱ्यांच्या घरी न आवडलेली भाजी कशीबशी संपवली की ती असंच म्हणायची. तसं म्हणायला मीच तिला शिकवलं होतं.