खोलीसाठी स्थळ

साऱ्या भोर तालुक्यात आमच्या घरमालकांच्या वहिनींइतकी पारखी बाई दुसरी नाही, आणि असलीच तर वहिनींनी तिला केव्हाच नापास केलं असेल. माहेर भोंगवलीचं, वय सत्तरीपुढचं, बैठक अंगणातल्या कट्ट्यावर. कोणताही माणूस त्या लग्नाचं स्थळ पाहावं तसाच पाहतात. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला आधी गाव, मग मामाचं गाव आणि शेवटी वडिलांची तब्येत सांगावी लागली. तो बिचारा वडिलांच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली घेऊन परत गेला आणि फ्रीज तसाच राहिला! दुसऱ्या दिवशी मात्र धावत आला, नीट काम केलं आणि काही केल्या पैसे घेईना.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. करार अकरा महिन्यांचा. मुदतीआधी खोली सोडली तर अनामत बुडाली, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. पाचव्या महिन्यात माझ्या कारखान्यातलं काम घटलं आणि पगार निम्म्यावर आला. वरवे बुद्रुकला भावाकडे राहायची सोय होती, पण अनामत गेली असती तर मुलीची फी कुठून भरणार? मालक सज्जन गृहस्थ, पण कागदापुढे त्यांना देवही दिसत नसे. "करार म्हणजे करार," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

वहिनी कट्ट्यावरून सगळं ऐकत होत्या.

"भावजी, तुमाला हीच मान्सं पायजेत का भाडं पायजे?"

"भाडं," मालक गडबडून म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ द्या तो कागुद. खोली एक दिस रिकामी ऱ्हायची न्हाई, मी स्थळ आनते. पर ह्यांची अनामत सगळी परत द्यायची."

आणि त्यांनी खरोखरच खोली उजवायला काढली. एसटीत, बाजारात, देवळात शब्द टाकला. येईल त्याला कांदेपोहे. मालक मुलीच्या बापासारखे हात बांधून उभे. एकानं पोह्यातला कढीपत्ता बशीबाहेर ठेवला. "ह्यो जिना झाडनार न्हाई," वहिनींनी निकाल दिला. दुसरा सारखा मोबाईल बघत होता. "नळाला पानी आल्यालं ह्याला कळायचं न्हाई." मी तोंडात बोट घालून पाहत होतो. शेवटी एक शाळामास्तरीण पसंत पडली. मालकांनी मुकाट नवा करार केला आणि आमची अनामत पैन् पै परत दिली. वकिलालाही जमलं नसतं ते या बाईनं बारा दिवसांत आणि दीड किलो पोह्यांत केलं होतं.

टेम्पो भरून झाला, तरी वहिनी कट्ट्यावर दिसेनात. मालक हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई दिवसभर शाळेत, संध्याकाळी शिकवण्या. वहिनींना खरं तर वेल्ह्याकडचं एक कुटुंब फार आवडलं होतं. त्यांच्यात एक आजी होत्या. दोघी तीन तास बोलत बसल्या होत्या. पण त्यांना दोन महिन्यांनी यायचं होतं."

मी आत गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या पाया पडलो आणि विचारलं, "वहिनी, त्या आजींना का नाही म्हणालात?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमच्याकडं दोन म्हयनं व्हतं का?"

परगावच्या कितीतरी माणसांना या बाईनं तासन् तास बोलतं केलं होतं, आणि आता संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला वरच्या मजल्यावर कुणीच असणार नव्हतं.