गाऱ्हाण्यावर चालणारी मोटार

भावी सासऱ्यांना पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून मी टाकीच्या झाकणाचं भोक लाखेने बुजवलं. त्या भोकातून टाकीत वारा जातो, आणि वारा आत गेला नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही, हे मला त्या दिवशी दुपारपर्यंत ठाऊक नव्हतं. मोटार मात्र माझी स्वतःची होती. तीन मालकांनी कंटाळून सोडलेली असली म्हणून काय झालं?

मुलीचे वडील मुंबईला नोकरीत. रजा संपवून परत निघताना मुलगा बघून घेऊ म्हणून कसालला आमच्याकडे उतरले होते. त्यांना मालवणला आगबोटीवर पोचवायचं मी ऐटीत कबूल केलं. मागे त्यांच्या शेजारी माझा मामा, सोयरीक जुळवणारा.

"बोट चुकूक नये हां," बसतानाच सासरे म्हणाले. "परवा कामार हजर नाय झालंय तर नोकरी जातली."

"काळजी नको. मुंबईच्या गॅरेजात शिकलोय मी," मी शुद्ध मराठीत म्हणालो. शिकलो होतो ते मोटारी धुवायला. पण तेवढं खोलात त्यांनी विचारलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर गाडीने दोन गचके दिले आणि बंद. हँडल मारून मारून माझे दंड भरून आले. मग प्लग काढले, सदऱ्याने पुसले, बसवले. सुरू! "प्लगात कचरा होता," मी जाहीर केलं. दोन मैलांवर पुन्हा बंद. प्लग लख्ख. म्हणून कार्बोरेटर खोलून फुंकला. सुरू! तिसऱ्यांदा ती सड्यावर, उघड्या कातळाच्या ओसाड माळाच्या मधोमध थांबली, तेव्हा संशय घ्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

मामा हळूच म्हणाला, "पावण्यानू, ही राखणदार देवचाराची हद्द. सांगल्याशिवाय तो वाट सोडूचो नाय."

सासरे गावी असले की देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे; दर वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. चपला काढून बॉनेटसमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ही मोटार मालवणाक सुखरूप पोचव रे म्हाराजा!" मी आणि मामा ओरडलो, "व्हय म्हाराजा!" हँडल मारलं. काही नाही. मग त्यांनी बारा वाड्यांची गुरंढोरं, पोरंबाळं, आंब्याचा मोहोर सगळं घेऊन ऐसपैस गाऱ्हाणं घातलं. एका हँडलात सुरू! तेवढ्या वेळात झाकणाच्या फटीतून जरासा वारा टाकीत झिरपला असणार. पण मी शास्त्रीय निष्कर्ष काढला: या गाडीला लांब गाऱ्हाणं लागू पडतं.

मालवणच्या थोडं अलीकडे, कुंभारमाठाच्या आसपास ती परत थांबली. "लांबलचक घाला, काका," मी म्हटलं. पण गुरंढोरं संपली होती, मोहोर संपला होता. सासऱ्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"आणि म्हाराजा, हो जो झील पुढ्यात उबो आसा, हेका मोटारीतलां कायएक कळना नाय!"

"व्हय म्हाराजा!" मामा ओरडला आणि मला कोपराने ढोसलं. "म्हण रे! मोडता घालू नको."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"तरी सगळां कळता म्हणान सांगता!"

"व्हय म्हाराजा!"

"हेच्या गळ्यात माज्या पोटचां चेडू बांधूचां काय नाय, ती बुद्धी माका दी रे म्हाराजा!"

हा 'व्हय म्हाराजा' सर्वांत मोठा माझाच होता.

इतक्यात लांबून आगबोटीचा भोंगा ऐकू आला. सासऱ्यांचा चेहरा उतरला. "पेट्रोल तरी आसा मां रे?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं. चिडून मी झाकण उघडून दाखवायला गेलो, तर समुद्रात बुडी मारून वर आलेल्या माणसासारखी टाकीने 'सूऽऽऽ' करून धाप टाकली. पहिल्याच हँडलात गाडी सुरू.

मामाने झाकण हातात घेऊन उलटसुलट केलं. "ही लाख कोणी लावल्यान?"

मी गिअर टाकला.

झाकण मामाच्या मांडीवर आणि गाडीभर पेट्रोलचा वास, असे आम्ही बंदरावर पोचलो. माणसं आगबोटीवर नेणाऱ्या होड्यांतला शेवटचा पडाव निघत होता. सासरे धोतर वर धरून गुडघाभर पाण्यातून धावले आणि खलाशांनी त्यांना आत ओढून घेतलं.

"पावण्यानू, सोयरिकीचां काय?" मामाने किनाऱ्यावरून हाक मारली.

पडावातून उत्तर आलं, साऱ्या बंदराला ऐकू जाईल असं: "चेडू देतंय! देवापुढे खरां बोललो तो. पण वऱ्हाड चलत येतलां. ह्या येड्याक गाडी घेवन धाडू नको!"