बर्फी थांबली, घंटा थांबली नाही

आधीच सांगून टाकते, माझा या असल्या गोष्टींवर शून्य विश्वास. हॉस्टेलमध्ये मुली अमावस्येला गोष्टी सांगायच्या तेव्हा मी हेडफोन लावून झोपणारी! आता मात्र खोलीतले सगळे दिवे लावून हे टाइप करतेय... टायपो झाले तर सांभाळून घ्या.

मी सायली. नाशिकची. एमएस संपवून जॉब शोधतेय, म्हणून सध्या मिशिगनमध्ये नोव्हाय नावाच्या गावी मावशीकडे आहे. काका म्हणजे मावशीचे मिस्टर, गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेत आणि त्यांना शिकारीचा नाद आहे. हो, शिकारीचा! फेझंट नावाचा पक्षी असतो, तांबूस, लांब शेपटीचा, कोंबडीएवढा. ऑक्टोबरमध्ये त्याचा सीझन उघडतो. आमच्या अख्ख्या खानदानात बंदूक हातात धरलेला हा एकच माणूस.

त्यांची कुत्री बर्फी. पांढरी, त्यावर केशरी ठिपके, म्हणून बर्फी. तिचं काम असं, की उंच गवतात शिरायचं आणि पक्ष्याचा वास लागला की दगडासारखं उभं राहायचं. एक पाय वर, शेपूट ताठ. गवतात ती दिसत नाही म्हणून गळ्यात घंटा. घंटा वाजतेय म्हणजे बर्फी फिरतेय, घंटा थांबली म्हणजे पक्षी सापडला. एवढंच लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

आणि काकांनी तिला सगळं मराठीत शिकवलंय. थांब. आण. सोड. का, तर तिथे बाकीचे लोक आपापल्या कुत्र्यांवर इंग्लिशमध्ये ओरडत असतात, आपलीनं फक्त आपलं ऐकावं!

पण मागच्या सीझनला बर्फी थांबली नाही. पक्षी उडाला आणि ही त्याच्यामागे, थेट बंदुकीसमोर. काकांचा मित्र डेल, त्याने ऐनवेळी नळी वर उचलली म्हणून वाचली. डेल म्हणजे तोंडावर बोलणारा म्हातारा, कुणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलायचा नाही. म्हणाला, ही कुत्री धोक्याची आहे, थांबायला शिकली नाही तर मी हिच्यासोबत येणार नाही.

त्यात यंदा काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मावशीने स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला धड जिना उतरता येत नाही, आणि रोज पाच मैल पळणारी कुत्री घरात बसवून काय करणार? डेल नाही म्हणाला तर ती ओहायोला त्या शेतावरच्या फॅमिलीकडे जाईल. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी."

काका नुसते बर्फीच्या कानातलं गवत काढत बसले.

मग मीच म्हटलं, मी करते तयारी. तीन आठवड्यांनी डेल बर्फीची परीक्षा घेणार होता. रोज सकाळी तिला घेऊन डेलच्या शेतावर, चाळीस मिनिटं ड्राइव्ह. एका बाजूला मका, एका बाजूला पाण्याचा चर, पलीकडे रस्ता, आणि मधे छातीएवढं गवत. नुसता आवाज करणारं पिस्तूल उडवायचं, पक्ष्याची कापडी डमी फेकायची, थांब, आण, परत थांब. घरी आल्यावर पंजे तपासायचे, काटे काढायचे. दुसऱ्या आठवड्यात ती मस्त थांबायला लागली यार!

त्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला. मी कानाला फोन लावून चालतेय, बर्फी गवतात, घंटा वाजतेय. आईचं सुरू होतं, कुणाच्या तरी मुलाचं स्थळ. मी वैतागून म्हटलं, "आई, थांब! थांब जरा."

आणि घंटा बंद.

बर्फी! वीस पावलांवर पुतळा. मला हसूच आलं. "अगं, तुला म्हटलं आणि बर्फी थांबली!"

आई म्हणाली, "थांबली कुठे? वाजतीये की घंटा."

खरंच वाजत होती. बर्फीच्याही पुढे, गवतात, डावीकडून उजवीकडे... जशी बर्फी पळताना वाजते तशीच, दोन पावलांना एक टण्. आणि बर्फी माझ्यासमोर उभी, तिची घंटा गप्प. तीसुद्धा तिकडेच बघत होती, अंग थरथरत होतं.

घरी सांगितलं तर काका म्हणाले, "कोडिंगवाल्यांना उन्हात सोडलं की असंच होतं." इको असेल म्हणाले. डेलला विचारलं, आसपास कुणाचा कुत्रा? नाही. गाय, बकरी? नाही.

मी इंजिनिअर आहे बाबा. दुसऱ्या दिवशी टेस्ट केली. बर्फीची घंटा काढली, मोज्यात गुंडाळली आणि माझ्या जॅकेटच्या खिशात टाकून चेन ओढली. आता इको कशाचा येणार?

दहा मिनिटं काही नाही. मग... टण्. टण्.

बर्फीने कान उचलले आणि सुटलीच. "थांब!" नाही थांबली. "बर्फी, थांब!!" रस्त्याच्या दिशेने! मी गवत तुडवत, रडत मागे. रस्त्याच्या अलीकडे सापडली, एक पाय वर, शेपूट ताठ. समोर काहीच नाही. नुसतं गोल दबलेलं गवत. मी हात लावला तर गरम होतं. हरीण बसलं असेल, मान्य. पण हरणाच्या गळ्यात घंटा कोण बांधतं?

हे मी घरी सांगितलंच नाही. बर्फी थांबली नाही हे मावशीला कळलं असतं तर ओहायोला फोन गेला असता.

मग डेलच्या परीक्षेचा दिवस. काका गाडीतच बसले, काच खाली करून. तिथून गवतामुळे त्यांना काही दिसणार नव्हतं. डेलने एक पाळलेला फेझंट गवतात सोडला होता. मी आणि बर्फी आत शिरलो. घंटा वाजत राहिली... आणि थांबली. सापडला! मी पुढे गेले, पक्षी फडफडत उडाला, मी ओरडले, "थांब!"

बर्फी हलली नाही. माझ्या बुटाला टेकून उभी.

आणि तेवढ्यात घंटा पळाली. पक्ष्याखाली, गवतातून, सरळ, जोरात.

डेलने बंदूक खांद्याला लावली होती, ती पटकन खाली घेतली. ओरडला, तुझी कुत्री कुठे आहे? पुढे कुत्री आहे, मी गोळी मारू शकत नाही! मी नुसतं खाली बोट दाखवलं. त्याने बर्फीकडे बघितलं. मग गवताकडे. घंटा लांब लांब जात विरून गेली. डेलने बंदुकीतल्या गोळ्या काढल्या आणि गाडीकडे चालायला लागला.

काकांचे डोळे लाल झाले होते. "पळाली ना? ऐकलं मी. राहू दे... तू खूप केलंस बाळा."

"काका, ती थांबली होती! शप्पथ!"

"सायली, कान आहेत मला. मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस."

डेल खिडकीशी वाकून म्हणाला, "शी हेल्ड. नेव्हर मूव्ह्ड." म्हणजे थांबली होती, जागची हललीच नाही. आणि वर म्हणाला, मी या शेतात पुन्हा शिकार करणार नाही.

काका त्याच्याकडे बघतच राहिले. डेल काय चीज आहे ते त्यांना माहितीये. माझ्याकडे वळून म्हणाले, "मग मी काय ऐकलं गं?"

मावशीने ओहायोचं कॅन्सल केलं. बर्फी आमचीच.

तुमच्यापैकी कुणाला हे असं काही माहीत असेल तर प्लीज कमेंटमध्ये सांगा, कारण माझं सगळं शोधून झालंय, मला काहीही एक्सप्लेनेशन सापडलेलं नाही. डेल तर विषयच काढू देत नाही.

सीझनच्या पहिल्या दिवशी आम्ही तासाभरावरच्या दुसऱ्याच रानात गेलो. काका कडेला फोल्डिंगच्या स्टुलावर, डेल बंदूक घेऊन पुढे, मी मधे. घंटा वाजायला लागली की काका मागून विचारायचे, "सायली, दिसतीये ना तुला ती?"

दोनदा मी बर्फीला बघून हो म्हटलं. तिसऱ्यांदा गवत फार उंच होतं, काहीच दिसत नव्हतं, घंटा मात्र अगदी जवळ होती...

मी न बघताच हो म्हटलं.