पासष्ट नव्हे, एकोणनव्वद

माणूस दारातून आत आला की अव्वा त्याच्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहायची आणि आत हाक द्यायची, "म्हादेवी, तीन." नाहीतर, "अडीच." तेवढ्या भाकरी त्याच्या ताटाशी जायच्या आणि तो तेवढ्याच खायचा. मी तिच्या खानावळीत नऊ वर्षे जेवलो. तिचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ती जरा जास्त वेळ पाहत राहिली. मोहोळजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलेला मी, सदरा खुंटीला टांगावा तसा माझ्या अंगावर लोंबत होता. "ह्या काडीला दीड," ती म्हणाली, "आनि दिवाळीपतोर तीन." दिवाळीपर्यंत मी खरोखरच तीन भाकरी खाऊ लागलो.

तिचे नाव नीलव्वा. सगळे तिला अव्वा म्हणत. कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई. भवानी पेठेत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आम्ही भिंतीला पाठ लावून जेवायला बसायचो, मागच्या खोलीत चूल. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. मूल नव्हते. वळसंगहून तिने भाचीला, महादेवीला, आणून ठेवले होते. देवाशी आणि चुलीशी अव्वा कन्नडमध्ये बोलायची, आमच्याशी मराठीत. रागावली की दोन्ही भाषा एकदम यायच्या आणि त्यातले काहीच कळायचे नाही, तरी माणूस मुकाट्याने हात धुवायला उठायचा.

अव्वा फार लठ्ठ होती. हे मी आज सरळ लिहितो. तेव्हा मला तो शब्द तिच्या बाबतीत उच्चारणेही जड जायचे. मधल्या दारातून ती थोडी तिरकी होऊन यायची आणि येताना म्हणायची, "गवंड्यानं आपली बायको बघून दार बांधलं, मला इचारलंच न्हाई." हे ती रोज म्हणायची आणि रोज स्वतःच हसायची. कोणी तिच्या अंगावरून बोलले तर तिचे उत्तर ठरलेले होते, "ही माजी कणगी हाय. तुमी धान्य घरात ठिवता, मी अंगात ठिवते." बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी मिळेना तेव्हा तिने आमच्या भाकरी कमी केल्या नाहीत. ती स्वतः दुपारचे जेवत नव्हती, हे महादेवीने आम्हाला फार पुढे सांगितले. तेव्हा विचारले असते तर म्हणाली असती, "मी कणगीतलं खायलेय की." तिचे आणखी एक म्हणणे होते, "उपाशी माणूस बोलतो त्यातलं निम्मं भूक बोलती. आदी वाढावं, मग ऐकावं."

बी.ए. झाल्यावर मला शहरातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि काडीचा मी मास्तर झालो. पहिल्याच आठवड्यात मी डबा विसरून गेलो, तर अव्वा भर उन्हात चालत डबा घेऊन शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीच्या दारात ती घामाघूम उभी होती. नऊवारी लुगडे, कपाळाला भस्म, हातात पितळी डबा. एका सहकाऱ्याने विचारले, "कोण हो?" मी म्हणालो, "खानावळीतली बाई." ते तिने ऐकले. त्या दिवसापासून ती कधी शाळेकडे आली की शिपायाला मोठ्याने सांगायची, "मास्तरला सांग, खानावळीतली बाई आलीय." तिच्या बोलण्यात राग नसायचा. तो असता तर मला सोपे गेले असते.

सत्तरचे दशक संपत आले होते. अव्वाची पाठ दुखू लागली. चुलीपुढे बसवेना. ओझे उचलून उचलून दुखत असेल, असे आम्ही सगळेच म्हणालो. एक दिवस महादेवी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, तिच्या छातीत गाठ हाय. लिंबाएवढी. तिनं वर्षभर सांगितलं न्हाई, आन् मला दिसली न्हाई." पेठेतल्या डॉक्टरांनी तपासले, वजन केले, फोटो काढायला लावले. वजन एकोणनव्वद भरले. तो आकडा मी स्वतः काट्यावर पाहिला. दुखणे पाठीच्या हाडांत गेले होते. आता ऑपरेशन करून उपयोग नाही, इंजेक्शने घ्यावी लागतील, असे सांगून त्यांनी मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी दिली. तिथे दर तीन आठवड्यांनी पुण्याहून एक डॉक्टर येत.

त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिल्या दिवशी चाळीस-पन्नास माणसे होती. त्यांत आमच्या शाळेचे पर्यवेक्षक होते, पत्नीला घेऊन आलेले. त्यांनी मला पाहून मान हलवली. व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्यांसमोर, वजनाचा काटा ठेवला होता. कंपाउंडर केसपेपर लिहीत होता. अव्वाची पाळी आली तसा तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "बाई, हळू चढा. काटा सरकारी हाय, मोडला तर वर्षभर दुसरा न्हाई मिळायचा."

लोक हसले. अव्वाही हसली. "मोडला तर मला सांग की," ती म्हणाली, "आमच्या पेठेत कापसाचा काटा हाय, तो आणून बसवते." ती चपला काढत होती. पर्यवेक्षकांची पत्नी पदर तोंडाला लावून हसत होती आणि पर्यवेक्षक माझ्याकडे पाहत होते. मी पुढे होऊन म्हणालो, "राहू द्या. परवाच केलंय वजन. पासष्ट."

हा आकडा माझ्या तोंडात कुठून आला, मला माहीत नाही. कंपाउंडरने एकदा तिच्याकडे पाहिले, मग माझ्या पांढऱ्या शर्टाकडे आणि खिशातल्या पेनाकडे, आणि पासष्ट लिहिले. अव्वाने एक पाय काट्यावर ठेवला होता, तो खाली घेतला.

टांग्यातून येताना ती म्हणाली, "मास्तर, चोवीस किलो कुटं ठिवलंस रे? येक पोरगं बसंल की त्यात." मी म्हणालो, "त्यांना काय करायचंय आपल्या वजनाशी." ती म्हणाली, "ते बी खरंच," आणि घरी जाऊन महादेवीला काट्याचा सगळा किस्सा रंगवून सांगितला. पासष्टचे मात्र सांगितले नाही.

दुसऱ्या इंजेक्शनच्या वेळी मला कळले. डॉक्टर कागद पाहून सिस्टरला म्हणाले, "वजन पासष्ट, त्याप्रमाणे काढा." मी विचारले, "औषध वजनावर असतं?" त्यांनी वर न बघता उत्तर दिले, "वजन-उंचीवरच माप ठरतं. नाहीतर कसं ठरवणार?" त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते. कंपाउंडर शेजारीच उभा होता. मी ते वाक्य मनात जुळवत राहिलो, आणि तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली.

मग मी स्वतःला समजावत गेलो. बाकीच्या बायका इंजेक्शनानंतर चार-चार दिवस ओकत, त्यांचे केस जात. अव्वा दुसऱ्या दिवशी भाकरी थापायला बसायची. पेठेत सगळे म्हणत, दणकट अंग आहे, औषध पचवतेय. मीही तेच म्हणू लागलो. पुस्तके वाचणारा माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

ती बारीक होत गेली. आधी हातातले कडे कोपरापर्यंत सरकू लागले, मग चोळ्या सैल झाल्या. मधल्या दारातून ती सरळ येऊ लागली आणि दाराबद्दल बोलायची थांबली. जेवायला येणारे लोक म्हणत, "अव्वा, आता बरं दिसतंय बघा. सुटसुटीत झालात." ती माझ्या ताटात वाढता वाढता म्हणायची, "व्हय की. मास्तरनं लिवलेलं खरं करायलेय मी." लोकांना वाटायचे, मी तिला कमी खायला सांगितले असेल. मी मान खाली घालून जेवायचो.

तोवर दर खेपेला कागदावरचे पासष्टच पुढे चालले होते. सहाव्या खेपेला नवीन सिस्टर होती. तिने कोणाचे ऐकले नाही, अव्वाला काट्यावर चढवले. सहासष्ट. डॉक्टरांनी कागदावर पहिला आकडा पाहिला, नवा पाहिला, आणि पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसले. "छान. वजन एका किलोनं वाढलंय. या आजारात वजन ढासळायला लागलं की आम्ही घाबरतो. तुमचं टिकून आहे, म्हणजे औषध लागू पडतंय. हेच चालू ठेवू." दिवसाला शंभर पेशंट पाहणारा माणूस तो, तीन आठवड्यांपूर्वीचा चेहरा त्यांच्या लक्षात कुठून राहणार? अव्वा कशी होती, हे त्यांना फक्त त्या कागदावरून कळत होते आणि कागदावर मी होतो.

अव्वा माझ्याकडे पाहत होती. मी डॉक्टरांना म्हणालो, "आभारी आहे."

बाहेर येऊन ती बाकावर बसली. पदराने तोंड पुसले. मग म्हणाली, "तेवीस किलो गेलं माजं, आन् डाक्टर खुश झाला." चपला पायात सरकवत ती म्हणाली, "तू सांगशील म्हणून मी गप बसले, मास्तर. चार लोकांम्होरं तुला खोटं कसं पाडायचं?"

मी उठलो आणि परत आत गेलो. ती भिंतीला धरत मागून आली. डॉक्टर दुसरा पेशंट बघत होते, कंपाउंडर दाराशी होता, बाकावर पाच-सहा माणसे. मी म्हणालो, "डॉक्टर, ते पहिलं वजन... ते पासष्ट नव्हतं. एकोणनव्वद होतं." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग पासष्ट कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडले, पण शब्द अव्वाचे आले. "मीच की. ह्याला म्हणलं, कमी सांग. बाईमाणसाला लाज वाटती, डाक्टर."

डॉक्टर तिच्यावर पाच मिनिटे रागावले. "लाज? बाई, ह्या लाजेपायी तुम्हाला पाच वेळा कमी औषध गेलंय. आजार वाढतोय आणि मी टिकलाय समजतोय. शिकलेला माणूस बरोबर आहे, त्याला तरी खरं बोलू द्यायचं." ती मान खाली घालून उभी होती. तिला तशी उभी राहिलेली मी कधीही पाहिली नव्हती. डॉक्टरांनी पासष्टवर रेघ मारली, एकोणनव्वद लिहिले, आणि शेजारी लिहिले की पेशंटने वजन लपवले होते. मी शेजारी उभा राहून ते वाचले.

घरी आल्यावर मी तिला विचारले, "अव्वा, तू का अंगावर घेतलंस?" ती म्हणाली, "तुला उद्या ह्याच गावात शिकवायचंय. मी काय, चालले."

औषध बदलले, जास्त जालीम आले. पण तोवर ते पचवायला अंगात काही उरले नव्हते. ती ओकायची आणि म्हणायची, "आता खरं औषध आलं बघ." दुखणे यकृतात उतरले. चार महिन्यांत ती गेली. त्यांच्या रीतीप्रमाणे वळसंगच्या शेतात तिला माती दिली. पुढे एकदा डॉक्टर भेटले तेव्हा मी विचारले, पहिल्यापासून पूर्ण माप मिळाले असते तर? ते प्रामाणिक होते. म्हणाले, "सांगता येत नाही. एकोणनव्वद लिहिलं असतं तरी मी पूर्ण माप दिलं असतं का, कोण जाणे. जाड पेशंटला एवढं औषध द्यायला आमचाही हात कचरतो. मात्र वजन उतरतंय हे मला वेळेवर दिसलं असतं." माझी सुटका व्हावी म्हणून ते बोलले असतील. झाली नाही.

महादेवीने खानावळ पुढे बरीच वर्षे चालवली, आणि अव्वाची गोष्ट ती सगळ्यांना सांगत राहिली. आपल्या सुनांना, शेजारणींना, दुखणे घेऊन आलेल्या कोणाही बाईला. "डाक्टरपाशी काय बी लपवू नगा. आमच्या अव्वानं लाजंपायी वजन लपवलं, आन् त्यानंच गेली." बायका हळहळत. कोणी म्हणे, काय बाई, एवढी शहाणी बाई आणि असल्या गोष्टीची लाज. मी कित्येकदा तिथे बसून हे ऐकले आहे, हातात चहाचा कप धरून.

गेल्या महिन्यात महादेवीने ते पुन्हा सांगायला घेतले. समोर तिची नात होती. मी आता सत्तरीच्या पुढे आहे. पर्यवेक्षक, कंपाउंडर, त्या व्हरांड्यातले बहुतेक कोणी उरलेले नाहीत. मी कप खाली ठेवून म्हणालो, "महादेवी, ते वजन मी सांगितलं होतं. अव्वानं नव्हतं सांगितलं. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं."

महादेवी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "का पन?"

"काट्यापाशी लोक हसत होते," मी म्हणालो.

"अवो मास्तर," ती म्हणाली, "अव्वा बी हसतच हुती की."